भिशीचे पंधरा हजार: आधी लस, मग ठेव

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत राहता, विड्या वळता. भिशीचे १५,००० रुपये हातात आलेत. थोरली एकोणीसची, धाकटी साडेचौदाची. पैसे क्रेडिट सोसायटीत ठेवायचे की दोघींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यायची? जाऊबाई म्हणतात, 'घाई कसली, लग्नाच्या वेळी बघू.'

घाई धाकटीच्या वाढदिवसाची आहे. पंधरा पूर्ण व्हायच्या आत सुरुवात केली तर दोन डोसांत भागतं, नंतर तीन लागतात. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक लस डोसाला साधारण २,००० रुपये. म्हणजे दोन डोसांचे ४,००० सोसायटीत ७ टक्क्यांनी वर्षभर ठेवून मिळणार २८०, आणि जादा डोसापायी जाणार २,०००. शिवाय ज्या एचपीव्ही विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, तो शरीरसंबंधातून पसरतो आणि झालेल्या संसर्गावर लस चालत नाही, तेव्हा लग्नाची वाट बघण्यात काही अर्थ नाही. (लशीनं मूल होत नाही, ही निव्वळ अफवा.)

थोरलीला तीन डोस, ६,०००. दोघींचे मिळून १०,०००, पण एकरकमी नाहीत: आत्ता ४,०००, दोन महिन्यांनी थोरलीचे २,०००, सहाव्या महिन्यात पुन्हा ४,०००. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या महिन्याच्या २,००० वर भिस्त ठेवू नका, तो हप्ता कधी जमा होईल याचा नेम नसतो. आणि खर्च करण्याआधी धाकटीला सरकारी लस फुकट मिळते का, हे आशाताईंना नक्की विचारा.

डॉक्टर कदाचित या विषाणूच्या नऊ प्रकारांवरची गार्डासिल लस सुचवतील, डोसाला दहा हजारांच्या घरात. ती जास्त प्रकार रोखते, हे खरं. पण या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेस १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात, आणि ते दोन्ही सर्व्हाव्हॅकमध्येही आहेत. डोरलं गहाण टाकून महागडी घेऊ नका.

'बीपीएल कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार होतात, मग लस कशाला,' असंही तुम्ही लिहिलंय. कार्ड हॉस्पिटलचं बिल भरतं. रेडिएशनला पाच-सहा आठवडे जवळजवळ रोज जावं लागतं. तेवढे दिवस तंबाखूची पाटी कोपऱ्यात पडून राहते आणि सोबत येणाऱ्याचाही रोजगार बुडतो. ती मजुरी कुठलंच कार्ड देत नाही.

लशीसाठी कोल्हापूर जवळ पडतं, पण बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं फुकट एसटी तिकीट कर्नाटकाच्या हद्दीपुरतंच. बेळगावला आधारकार्ड दाखवून तिघी फुकट जाल. निघण्याआधी फोनवर लशीचा भाव विचारा.

तुम्ही स्वतः चाळिशीच्या आहात, तुम्हाला लशीपेक्षा तपासणीची गरज जास्त. सरकारी दवाखान्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची व्हीआयए तपासणी (गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं) मोफत होते. लस घेतली तरी तिशीनंतर मुलींनाही ही तपासणी चुकत नाही.

उरलेले ५,००० पोस्टात वर्षाच्या मुदत ठेवीत टाका, सोसायटीत नको.