माऊसला साइन-इन कशाला हवं?

प्रश्न : नवा माऊस जोडल्याबरोबर खिडकी उघडली, 'कंपनीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा'. केलं. आता संगणक सुरू केला की आधी तेच समोर येतं, साइन-इन करा म्हणतं, सारखं अपडेट मागतं. काढून टाकलं तर माऊस बंद पडेल का?

उत्तर : नाही पडणार, निर्धास्त काढून टाका. गेली अठरा वर्षं मी लोकांचे संगणक लावून देते आणि 'बंद पडेल का?' हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल माणसाला अशी धास्ती वाटावी, याचा मला मनापासून राग येतो.

यूएसबी 1996 साली आलं. माऊस, कीबोर्ड अशा हाताळायच्या उपकरणांसाठी त्यात एचआयडी नावाची सामाईक पद्धत ठरलेली आहे. माऊस जोडला की तो स्वतःच सांगतो, मला इतकी बटणं आहेत, एक चाक आहे. पुढे किती सरकलो आणि काय दाबलं गेलं, एवढंच तो कळवत राहतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींना हे मुळातच समजतं. पडताळून बघायचं असेल तर बायॉसच्या, म्हणजे संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात जा. तिथे कीबोर्ड व्यवस्थित चालतो आणि तेव्हा विंडोज सुरूसुद्धा झालेलं नसतं.

कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं ते वरच्या सोयींसाठी. जादा बटणांना वेगळी कामं नेमून देणं, दिव्यांचे रंग, डीपीआय म्हणजे हात जरासा हलवला तर बाण किती पळावा ते. यातलं काही तुम्ही वापरत असाल तर एक गोष्ट आधी तपासा. बऱ्याच माऊसमध्ये स्वतःची छोटी मेमरी असते. सेटिंग माऊसमध्येच साठवा, मग तो दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून बघा. बटणं तिथेही तशीच वागली तर सेटिंग माऊसमध्ये आहे आणि सॉफ्टवेअरचं काम संपलं. नाही वागली तर त्या सोयीसाठी ते ठेवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

माझ्या माऊसला मेमरी नव्हती. अंगठ्याजवळच्या बटणाला मी 'कॉपी' लावलं होतं, दिवसातून शंभरदा लागायचं. एका सकाळी इंटरनेट बंद होतं. सॉफ्टवेअर साइन-इनच्या पडद्यावर गोल गोल फिरत बसलं आणि बटण मुकं झालं. बोट हातभर अंतरावरच्या संगणकाला काही सांगतंय आणि ते पोहोचायला बाहेरच्या सर्व्हरची परवानगी लागतेय! त्याच दिवशी ते सॉफ्टवेअर काढलं. पुढचा माऊस घेताना खोक्यावर पहिल्यांदा मेमरीचा उल्लेख शोधला.

खिडकी आपोआप उघडते कारण विंडोज उपकरण ओळखून उत्पादकाचं ॲप स्वतःच उतरवून घेतं. स्टार्टच्या शोधपट्टीत 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधा आणि तिथे 'नो' निवडा. हा हट्ट निव्वळ त्रासापोटी नाही. 2021 साली एका गेमिंग माऊसचा इन्स्टॉलर असाच आपोआप सुरू होत असे, तोही सिस्टीमच्या सर्वोच्च अधिकारांनिशी. संगणकासमोर बसलेल्या कुणालाही माऊस जोडून, त्या इन्स्टॉलरच्या वाटेने संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. कंपनीने नंतर दुरुस्ती केली.

प्रश्न : माझा जुना स्कॅनर अजून उत्तम आहे. नव्या संगणकावर त्याचं सॉफ्टवेअर बसतच नाही. कंपनी म्हणते, नवा घ्या. फेकून द्यावा का?

उत्तर : थांबा, फेकू नका. आत काच आहे, दिवा आहे, पट्ट्यावर सरकणारा सेन्सर आहे आणि ते सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे ठणठणीत आहे. अडलंय ते बहुधा ड्रायव्हरवर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमवर. जुने ड्रायव्हर अनेकदा फक्त 32-बिट, म्हणजे जुन्या घडणीच्या विंडोजसाठी लिहिलेले असतात. 64-बिट विंडोजला ते चालत नाहीत आणि विंडोज 11 तर फक्त 64-बिटच आहे. कंपनीने नवा ड्रायव्हर लिहिला नाही की चांगली वस्तू भंगारात निघते. माझ्या मते ही सरळ नासाडी आहे.

व्ह्यूस्कॅन हा प्रोग्रॅम स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येतो आणि हजारो जुने स्कॅनर चालवतो. तो विकतचा आहे, पण चाचणी फुकट करता येते, फक्त पानावर त्याचा शिक्का उमटतो. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा. दुसरा मार्ग लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा. तिथला सेन हा प्रकल्प कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी स्कॅनर सांभाळतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा, विंडोजला धक्का लागत नाही. एका वाचकाच्या स्कॅनरचं मी असंच केलं होतं. जोडला, दिवा लागला, सेन्सर कुरकुरत खालपर्यंत गेला आणि पडद्यावर पान आलं. त्यांनी लगेच वडिलांच्या हस्तलिखित वह्या स्कॅन करायला घेतल्या.

प्रश्न : प्रिंटरचं सॉफ्टवेअर भलंमोठं आहे, शाई विकत घेण्याच्या सूचना सतत येतात. त्याच्याशिवाय छपाई होईल?

उत्तर : नेटवर्कवर चालणारा, गेल्या दहाएक वर्षांतला प्रिंटर असेल तर बहुतेक होईल. कंपनीचं सॉफ्टवेअर काढा आणि विंडोजच्या सेटिंग्जमधूनच प्रिंटर जोडा. ॲपलची एअरप्रिंट ही ड्रायव्हर न बसवता छापायची सोय 2010 साली आली, त्यानंतर ड्रायव्हरविना छपाई सर्रास झाली. मायक्रोसॉफ्टनेही 2023 मध्ये जाहीर केलं की कंपन्यांचे वेगळे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे पडतील.

प्रिंटरमध्ये स्कॅनरही असेल तर स्कॅनिंगसाठी नॅप्स-टू हा मोफत प्रोग्रॅम घ्या, मी रोज तोच वापरते. शाई सोडणारं हेड साफ करणं, शाईची पातळी बघणं यासाठी प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, ब्राउझरमध्ये टाका. पुष्कळ प्रिंटरचं स्वतःचं पान तिथे उघडतं. पत्ता प्रिंटरच्याच छोट्या पडद्यावर, नेटवर्कच्या मेनूत सापडेल.