सेल्टाच्या आधी टर्म प्लॅन

प्रश्न: मी नाशिकला राहते, वय 36, इंग्रजीत एमए. एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवते, महिन्याला 18,000 मिळतात. यजमान 40 वर्षांचे, अंबडच्या एका कंपनीत आहेत, हातात 62,000 येतात. दोन वर्षांपासून त्यांना शुगर आहे, गोळी चालू आहे. घराचं 27 लाखांचं कर्ज बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के, ईएमआय 26,000. घरखर्च 38,000. मुलगी 9 वर्षांची. एफडी 4 लाख. गृहकर्ज घेताना बँकेने ‘ही घ्यावीच लागते’ म्हणून मुलीच्या शिक्षणाची पॉलिसी दिली. ती यजमानांच्या नावे आहे, हप्ता वर्षाला 96,000, मुदत 20 वर्षे, विमा 18 लाखांचा. चार हप्ते भरलेत, शेवटी 33 लाख मिळतील असं सांगितलं आहे. दुसरा विमा नाही, मेडिक्लेम कंपनीचा आहे. मला सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा प्रमाणपत्र कोर्स) करायचं आहे, फी 1 लाख 80 हजार. दुसरी एक संस्था 45,000 मध्ये 120 तासांचं ऑनलाइन टेफल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण) आणि परदेशात प्लेसमेंट देते. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ?

उत्तर: दोन्ही नको. सेल्टा मात्र जरूर करा, त्याचे पैसे तुमच्याच घरात आहेत. ते कुठे, हे सांगण्याआधी कोर्सबद्दल थोडं.

45,000 वाला कोर्स विसरा. 120 तास दोन्हीकडे लिहिलेले असतात, पण सेल्टाची किंमत आहे ती सहा तासांच्या प्रत्यक्ष शिकवण्याला. समोर खरे विद्यार्थी असतात, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांचे. ट्रेनर तुमचा लेसन प्लॅन समोर ठेवून पाहत असतो. दहा मिनिटांची म्हणून लिहिलेली ॲक्टिव्हिटी अठरा मिनिटं चालली, सूचना देताना तुम्हीच जास्त बोललात, विद्यार्थी गप्प राहिले, हे सगळं टिपतो आणि तास संपल्यावर बरोबरच्या शिक्षकांसमोर त्यावर बोलतो. शिवाय चार लेखी असाइनमेंट. व्हिडिओ पाहून आणि प्रश्नमंजूषा सोडवून मिळणाऱ्या कागदाला नोकरी देणारे फारसे विचारत नाहीत. आता सेल्टा पूर्ण ऑनलाइनही करता येतो, मुलीला सोडून पुण्या-मुंबईत राहायचा खर्च वाचेल.

‘परदेशात प्लेसमेंट’वर एक रुपयाचाही हिशेब बांधू नका. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आखातातल्या शाळा सहसा बीएड मागतात. आपल्याकडच्या शाळांतही सेल्टा हा बीएडला पर्याय नाही. भारतीय पासपोर्टवर दार कुठे किती उघडतं, हे न सांगता प्लेसमेंट विकणाऱ्यांचा मला राग येतो, कारण पैसे भरणारे बहुतेक तुमच्यासारखे मेहनती शिक्षक असतात. उपयोग होईल तो आयईएलटीएसचे क्लास, कंपन्यांतलं प्रशिक्षण आणि ऑनलाइन शिकवण्या यांत. 18,000 चे 26,000 झाले असं धरू. बुडालेल्या पगारासह खर्च 2 लाख, म्हणजे दोन वर्षांत वसूल. चांगला सौदा आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. उद्या यजमानांना काही झालं तर काय होईल? पॉलिसीचे 18 लाख आणि थोडाफार बोनस येईल. सगळे कर्जात घातले तरी आठ-नऊ लाख बाकी राहतील. तुमच्या हातात 18,000, घरखर्च 38,000, आणि वर राहिलेल्या कर्जाचा हप्ता. कंपनीचा मेडिक्लेमही त्यांच्या नोकरीबरोबर जाईल. वर्षाला 96,000 भरूनही तुमचं घर उघड्यावर आहे, आणि पत्रात याचा उल्लेख फक्त जमाखर्चाच्या ओघात आला आहे.

पॉलिसीचं नाव ‘शिक्षणाची’. ती पिकेल तेव्हा मुलगी 25 वर्षांची असेल. तोवर तिचं पदवीचं शिक्षण कधीच संपलेलं असेल! विकणाऱ्याने एवढी साधी वजाबाकीही केली नाही. कर्जासोबत अमुकच पॉलिसी घ्या, अशी सक्ती बँक करू शकत नाही. 33 लाख हा आकडाही बोनस धरून आहे, त्याची हमी नाही. तो खरा मानला तरी परतावा पडतो 5 टक्के. भरलेले हप्ते बाजूला ठेवून फक्त पुढचा हिशेब केला, तरी साडेसहाच्या आसपास. तिकडे कर्जावर तुम्ही साडेआठ टक्के भरताय.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी यजमानांचा 1 कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, वयाच्या साठीपर्यंत. शुगरमुळे हप्ता थोडा चढेल, वर्षाला 30,000 धरा. फॉर्ममध्ये शुगर आणि गोळी दोन्ही स्पष्ट लिहा. एजंट म्हणेल ‘कशाला लिहिता’, त्याचं ऐकू नका. लपवलेली शुगर क्लेमच्या वेळी बाहेर आली, तर भांडायला तुम्ही एकट्या असाल. पॉलिसी विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे त्या पैशावर कर्ज देणाऱ्यांना हात टाकता येत नाही. मग तिघांचा 10 लाखांचा आरोग्य विमा, साधारण 25,000. जुन्या आजाराची प्रतीक्षा मुदत, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त 3 वर्षे असते. आज सुरू केली तर यजमान त्रेचाळिशीत असतानाच संपेल.

दोन्ही पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी मोडा, आधी अजिबात नाही. मेडिकलमध्ये काही निघालं आणि टर्म नाकारला गेला, तर ते 18 लाख तरी हवेत. तसं झालं तर जुनी मोडू नका, मला पुन्हा लिहा. चार हप्ते भरल्यावर भरलेल्या रकमेच्या निम्मे हमखास मिळतात, म्हणजे 1 लाख 92 हजार. कंपनीला लेखी आकडा विचारा, थोडा जास्तही असू शकतो. 1 लाख 92 हजार बुडाल्याचं दुःख होईल, मला कल्पना आहे. पण ते वाचवायला अजून सोळा हप्ते, म्हणजे 15 लाखांवर, त्याच जागी टाकायचे का?

या 1.92 लाखांतून नव्या विम्यांसाठी आधी भरलेले 55,000 वजा केले की उरतात 1.37 लाख. सध्या महिन्याला 8,000 शिल्लक राहतात, पॉलिसीचे 8,000 सुटले की 16,000. त्यातले साडेचार हजार पुढच्या वर्षीच्या विम्यासाठी बाजूला काढा. उरलेले साडेअकरा हजार सहा महिने साठवले की 2 लाख पूर्ण होतात. एफडी शाबूत राहते, ती तुमच्या सहा महिन्यांच्या खर्चाएवढी आहे आणि तेवढी असायलाच हवी. कोर्स झाल्यावर हेच साडेअकरा हजार मुलीच्या शिक्षणासाठी आणि कर्ज कमी करण्यासाठी वाटून टाका.

पाचवा हप्ता कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो खात्यातून आपोआप कापला जातो का, आणि पॉलिसी बँकेच्या नावे असाइन केलेली, म्हणजे कर्जासाठी तारण दिलेली आहे का, हे याच आठवड्यात बघा. असाइन असेल तर सरेंडरसाठी बँकेचं ना-हरकत पत्र लागेल, आणि ते द्यायला बँक वेळ लावते. टर्म मंजूर होण्याआधी हप्त्याची तारीख आली, तर घाबरून भरू नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते आणि तेवढ्यात विमा चालू राहतो.