बाईकचा कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदलायला खास टूल घ्यावेत का, की मिस्त्री म्हणतो तसं छिन्नी-हातोडीनं भागतं?

"छिन्नीनं भागतं" वाचलं आणि राहवलं नाही. भागत नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री हेच म्हणायचे. "टूल नवशिक्याला लागतं, आपल्याला हातानं कळतं." त्यांनी कोन सेट टाकलेली एक स्प्लेंडर थोड्याच दिवसांत परत आली. हँडल सरळ आलं की अडकायचं. मी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, उतरवला. फ्रेममध्ये बसणाऱ्या खालच्या कपात, म्हणजे बॉल फिरतात त्या वाटीत, बॉलचे खड्डे पडले होते, नख फिरवलं की प्रत्येक खड्ड्यात अडकायचं. कप एका बाजूनं पूर्ण बसलाच नव्हता, कप आणि फ्रेमच्या मधे फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पाती सहज जात होती. एकाच अंगानं ठोकत आत घातला की दुसरं काय होणार? वरच्या नटच्या खाचाही छिन्नीनं चेपलेल्या. मिस्त्री म्हणाले, किट डुप्लिकेट आहे. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो: किट चांगलं होतं, ठोकणं चुकलं.

नवा कप ठोकायचा नसतोच, ओढून बसवायचा असतो. लांब आट्याचा रॉड, दोन जाड वॉशर, दोन नट. वॉशर कपच्या बाहेरच्या कडेवर टेकला पाहिजे, बॉल फिरतात तिथं नाही. नट आवळत गेलं की कप सरळच आत जातो. कुठलाही लेथवाला हे करून देईल.

सी-स्पॅनर, म्हणजे नटच्या खाचेत अडकणारा वाकडा पाना, मात्र विकत घ्याच. त्यानं कोन सेटचा खाचांचा नट आधी जरा जास्त आवळा, हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा, मग सैल करून फक्त खेळ जाईल इतकंच आवळा. त्याच्या वरचा नट घट्ट केल्यावर सेटिंग बदलतं, म्हणून पुन्हा बघा. पुढचं चाक उचललेलं असताना हलक्या धक्क्यानं हँडल दोन्हीकडे आपोआप पडलं पाहिजे, आणि चिमटा खालून पुढे-मागे हलवला तर टक-टक येता कामा नये. केबल ताणलेली असेल तर ही परीक्षा फसते.

जुने कप काढायला लांब पंच चालतो, तेवढं मान्य. समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीनं ठोका. काही गाड्यांत कपची कड आतून दिसतच नाही, तिथं पुलर, म्हणजे कप ओढून काढायचं टूल, लागतो. पण एका गाडीसाठी तो घेण्यात अर्थ नाही.

तुमच्या मिस्त्रीला रॉड-वॉशर नेऊन द्या. तरीही छिन्नीच उचलली, तर गाडी तिथून काढा.