नवअभिजात चित्रांत, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय शैलीत, व्हीनस आणि मार्स हे रोमन देव वारंवार का दिसतात? ‘प्रेमानं युद्धाला जिंकलं’ एवढाच त्याचा अर्थ का?

तो अर्थ बरोबरच आहे. व्हीनस म्हणजे प्रेम, मार्स म्हणजे युद्ध, हे त्या काळच्या शिकलेल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. मला मात्र मार्सची शस्त्रं उतरतात कशी, हे बघण्यात जास्त गोडी वाटते.

फ्रेंच चित्रकार जोसेफ-मारी व्हियाँचं १७६८चं चित्र घ्या. व्हीनस मार्सला दाखवतेय, की तिच्या कबुतरांनी त्याच्या शिरस्त्राणात घरटं केलंय. ना भांडण, ना उपदेश. लढायला निघायचं तर आधी ते घरटं मोडायला हवं! या विषयावरची याहून सुंदर कल्पना माझ्या पाहण्यात नाही.

व्हियाँचा शिष्य जाक-लुई दाविद. १७७१मध्ये, ऐन विशीत, त्यानं ‘प्री द रोम’ या फ्रेंच अकादमीच्या चित्रस्पर्धेसाठी मार्स आणि बुद्धीची देवता मिनर्व्हा यांची लढाई रंगवली आणि दुसरं बक्षीस मिळवलं. त्यात मार्स जमिनीवर कोसळलाय, पण त्याला पाडणारी मिनर्व्हाही शस्त्रधारीच. म्हणजे युद्ध हरलं ते युद्धाकडूनच.

मग फ्रेंच राज्यक्रांती आली. राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूनं दाविदनं मत दिलं आणि क्रांतीचा नेता रोबेस्पिएर सत्तेवरून पडल्यावर तो स्वतः तुरुंगात गेला. त्यानंतर, १७९९मध्ये पूर्ण झालेलं ‘सबाइन स्त्रिया’. यात देव नाहीत, रोमची दंतकथा आहे: रोमनांनी शेजारच्या सबाइन लोकांच्या मुली पळवून बायका केल्या, पुढं सबाइन लढायला आले, तेव्हा त्या बायकाच मध्ये पडल्या. एकीकडे बाप, दुसरीकडे नवरा, मध्ये हात पसरून उभी त्यांच्यातलीच हर्सिलिया आणि पायाशी तान्ही मुलं. ही बाई निःशस्त्र आहे. माझ्या मते दाविदच्या मनातला बदल इथंच दिसतो.

नेपोलियनची सत्ता गेल्यावर दाविद ब्रसेल्समध्ये हद्दपारीत राहिला. तिथं १८२४मध्ये त्यानं शेवटचं मोठं चित्र पुरं केलं, ‘व्हीनसकडून निःशस्त्र होणारा मार्स’. उंची तीन मीटरहून जास्त. आजही ते ब्रसेल्समध्येच आहे. मंचकावर पाठमोरी रेललेली व्हीनस मार्सपुढे फुलांचा मुकुट धरतेय, खाली व्हीनसचा मुलगा क्युपिड मार्सच्या चपलेचे बंद सोडतोय, मागं तीन सौंदर्यदेवता त्याचं सामान घेऊन उभ्या. विशीत जमिनीवर पाडलेल्या मार्सला दाविदनं पंचाहत्तरीत मानानं बसवलंय. त्याच्या मांडीवर दोन कबुतरं आहेत. गुरूच्या चित्रातलीच ती, असं मला दर वेळी वाटतं.

एकदा या मार्सचे हात मात्र नीट बघा. एका हातात तलवार आहे आणि दुसऱ्यातला भाला त्यानं अजून सोडलेला नाही.