वाचक विचारतात : बोलणारी मेंढी आणि दुधाची काठी

मागच्या अंकात रोमानियातल्या कार्पेथियन डोंगरातल्या मेंढपाळांवर लिहिलं होतं. त्यात 'मिओरीत्सा' या त्यांच्या लोकगीताला दोन ओळींत उरकलं, ते तुम्हाला चाललं नाही. निम्मी पत्रं त्याच्यावरच आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मेंढी येऊन सांगते की तुला मारणार आहेत, आणि हा बाबा पळत नाही, काठी उचलत नाही, उलट स्वतःच्या दफनाच्या सूचना देत बसतो! इतका कसा गप्प?

आधी गोष्ट सांगतो, म्हणजे ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांनाही कळेल. तीन मेंढपाळ तीन कळप घेऊन डोंगरावरून खाली येतायत, एक मोल्दोवाचा, एक ट्रान्सिल्व्हेनियाचा आणि एक व्रान्चाचा, हे तिन्ही तिकडचे प्रदेश. मोल्दोवावाल्याकडं मेंढ्या जास्त, घोडे चांगले, कुत्री दमदार, म्हणून बाकीचे दोघं ठरवतात की सूर्य मावळला की याला संपवायचं. त्याची एक लाडकी मेंढी तीन दिवस गवताला तोंड लावत नाही, सारखी बें बें करते, मग तो विचारतो काय गं झालं, आणि ती सगळा कट सांगून टाकते.

आता नीट बघा, तो म्हणतो "मरायची वेळ आलीच तर". आलीच 'तर'! गाणं संपतं तेव्हा खून झालेलाच नसतो. पुढं तो लढला का, मेला का, काही सांगितलेलं नाही. या गाण्यावरून 'रोमानियन माणूस नशिबापुढं मान तुकवतो' असं बरंच जड जड लिहिलं गेलंय, मला ते कधीच पटलं नाही. मला ते सरळ मृत्युपत्र वाटतं. मला मेंढवाड्याजवळच पुरा म्हणजे कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येईल, उशाशी बासऱ्या ठेवा म्हणजे वारा त्यातून वाजेल आणि मेंढ्या गोळा होतील. कामावरचा माणूस जसा निरोप देईल तसाच निरोप आहे हा.

आणि मग ते लग्न. मेंढ्यांना सांग की माझं लग्न झालं, चंद्रसूर्यांनी मुकुट धरला, डोंगर भटजी होते, पक्षी वाजंत्री होते, आणि लग्नात एक तारा निखळला. हे नुसतं कविकल्पना म्हणून सोडू नका, कारण तिकडं खेड्यांत लग्नाआधी कोणी तरुण गेलं तर त्याला लग्नाच्या कपड्यांत पुरायची खरीच रीत होती, अंत्ययात्रेत फर नावाचं सूचिपर्णी झाड सजवून न्यायचे. म्हणजे ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दालाच कळायचं कसलं लग्न ते. पण म्हातारी आई शोधत आली तर तिला फक्त एवढंच सांग की राजाच्या मुलीशी लग्न केलं, ताऱ्याचं आणि झाडांचं बोलू नकोस. का, तर ते ऐकलं की आईला लगेच कळेल. मी इथं दर वेळी अडकतो.

वासिले आलेक्सांद्री या कवीनं हे गाणं 1850 मध्ये छापलं, पण लोकांत त्याची शेकडो रूपं आहेत. ट्रान्सिल्व्हेनियात तर ते ख्रिसमसच्या दिवसांत दारोदार गातात आणि तिथल्या बऱ्याच रूपांत बोलणारी मेंढी नाहीच!

प्रश्न : उन्हाळ्यात गावातल्या सगळ्यांच्या मेंढ्या एकाच कळपात वर जातात म्हणता, मग दुधाचं भांडण कसं होत नाही?

भांडण होऊ नये म्हणूनच तर सण आहे. उत्तरेकडच्या ओआश भागात मे महिन्यात 'सिंब्रा ओइलोर' होतो, सगळं गाव डोंगरावर, नाचगाणी, खाणंपिणं, पण मधोमध चाललेलं असतं मोजमाप. प्रत्येकानं आपापल्या मेंढ्यांची धार सगळ्यांसमोर काढायची, दूध भांड्यात ओतायचं आणि खाचा पाडलेली काठी बुडवून कुठवर आलं ते बघायचं. त्या एका दिवसाच्या मापावर पूर्ण उन्हाळ्यात कोणाला किती चीज मिळणार ते ठरतं. लोकांना त्या दिवशी नाचापेक्षा काठीकडं लक्ष ठेवावंसं वाटत असणार, मला तरी वाटलं असतं.

हिशेबाची आणखी एक जुनी वस्तू म्हणजे 'रबोझ'. लाकडाच्या काठीवर खाचा पाडून ती उभी चिरायची, अर्धी मालकाकडं अर्धी मेंढपाळाकडं. कोणी गुपचूप एक खाच वाढवली तर दोन्ही तुकडे जोडल्यावर लगेच उघडं पडतं. लिहिता वाचता न येणाऱ्यांची पक्की पावती!

वरच्या मुक्कामाला 'स्तिना' म्हणतात आणि तिथला प्रमुख 'बाच', चीज बनवणं त्याच्याच हातात. मेंढ्या एका अरुंद फटीतून एकेक करून पुढं येतात आणि तिथंच त्यांची धार काढली जाते, मागून हाकायला एखादा पोरगा असतो.

प्रश्न : लांडग्यांसाठी लसूण? लसूण तर ड्रॅक्युलासाठी ना?

ड्रॅक्युलाला बाजूला ठेवा, तो बाहेरच्यांनी रंगवलेला. 30 नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूचा दिवस, त्याच्या आदल्या रात्री भुतंखेतं मोकाट सुटतात म्हणून दारं खिडक्या आणि गोठ्याला लसूण चोळतात. लांडग्याचं वेगळंच. एरवी त्याची मान ताठ, मागं वळून बघता येत नाही, पण त्या दिवशी मान सैल होते आणि त्याला स्वतःचं शेपूट दिसतं, मग त्याच्या तावडीतून काही सुटत नाही अशी समजूत. लांडग्यांच्या या दिवसांत कात्री बांधून ठेवायची, म्हणजे लांडग्याचा जबडाही बांधलेला राहतो. मेंढी जाण्याची भीती खरी होती, त्यामुळं असले उपाय मला हास्यास्पद वाटत नाहीत.

प्रश्न : हे सगळं अजून आहे का, की फक्त पर्यटकांसाठी?

आहे. सिबिउजवळच्या झिना, पोयाना सिबिउलुइ वगैरे गावचे मेंढपाळ पूर्वी कळप घेऊन पार काळ्या समुद्राकडच्या दोब्रुजापर्यंत हिवाळ्याला जायचे, ते लांब चालणं आता फारच कमी झालंय, खूप जण ट्रकनं नेतात. ऋतूप्रमाणे कळप हलवण्याची परंपरा युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, 2023 मध्ये तिच्यात रोमानियालाही घेतलं. पण त्याआधी 2015 च्या डिसेंबरात हजारो मेंढपाळ लोकरीचे झगे घालून बुखारेस्टला संसदेवर धडकले होते, कारण कायदा सांगत होता की डोंगरात कळपामागं तीनच कुत्री ठेवायची आणि हिवाळ्यात चराईवर बंदी. अहो, जिथं अस्वलं आणि लांडगे दोन्ही आहेत तिथं तीन कुत्री? सरकारला पाऊल मागं घ्यावं लागलं.

प्रश्न : तिकडं गेलो तर काय खाऊ?

'बुल्झ'. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिच्या पोटात मेंढीच्या दुधाचं चीज, आणि गोळा निखाऱ्यावर भाजलेला. फर झाडाच्या सालीत भरलेलं चीज मिळालं तर तेही घ्या, सालीचा वास चीजमध्ये उतरतो. आणि बुल्झ जरा थांबून फोडा, आतलं चीज बराच वेळ गरम राहतं.