संगीत सौभद्रचा चित्रपट करताना पदं किती ठेवावीत?

प्रश्न असा आहे: निपाणीच्या हौशी मंडळाला आपल्या लाडक्या ‘सौभद्र’चा दोन तासांचा चित्रपट काढायचाय. पदं किती ठेवावीत, आणि ती जागेवर गाऊन घ्यावीत की आधी रेकॉर्ड करून?

हक्कांचा प्रश्न सोपा आहे. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर (आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे) १८८५ मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं केव्हाच उलटली. मात्र पुढे कुणी बांधलेली नवी चाल किंवा एखादं ध्वनिमुद्रण वापरणार असाल तर त्याचे हक्क वेगळे तपासा.

पदं दहा-बारा पुरेत. पद संपल्यावर पात्र मनाने होतं तिथंच असेल, तर ते पद काढा. नुसती हकिकत सांगणाऱ्या साक्या-दिंड्या (ठरावीक छंदांतली छोटी पदं) आधी जातील. ते काम एका शॉटमध्ये होतं. ‘वद जाऊ कुणाला शरण’ काढलंत तर मात्र सुभद्रेचा कोंडमारा प्रेक्षकाला कळायचाच नाही.

खरी परीक्षा ‘नच सुंदरी करू कोपा’ची. रंगमंचावर ते वन्समोअर घेत कितीही लांबतं, पडद्यावर चार मिनिटं डोक्यावरून पाणी. मुखडा कृष्णावर घ्या आणि ताना सुरू झाल्या की कॅमेरा रुक्मिणीवर न्या. रुसवा उतरतोय तो तिच्या चेहऱ्यावर, कृष्णाच्या गळ्यात काय बघायचंय? शिवाय ओठ जुळवायची निम्मी कटकट तिथंच मिटते.

कारण फसतं ते नेमकं तानेत. गायक तीच तान दुसऱ्यांदा तशीच घेत नाही, आणि श्वास कुठं घेतला हे नटाला माहीत नसतं. म्हणून ठरलेल्या ताना-हरकतींची पदं आधी रेकॉर्ड करा, निवडलेला एकच टेक नटाला आठवडाभर आधी द्या, श्वासाच्या जागा कागदावर खुणा करून. चित्रीकरणात त्याने मोठ्याने गायलाच हवं. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा ताणत नाहीत आणि खोटेपणा लगेच दिसतो. साक्या, कामदा (तसाच आणखी एक छंद) मात्र जागेवरच गाऊन घ्या, कानात लपवलेल्या इअरफोनवर ऑर्गनचा सूर देऊन. सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला ४८ हजार नमुने) ठेवा. ४४.१ची फाइल ४८ची समजून वाजली तर गाणं नऊ टक्के जलद होतं आणि सूरही चढतो.

घटोत्कच सुभद्रेला आणतो ते रान खानापूरकडे मिळेल. वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि पावसाळ्यात जाऊ नका. रातकिडे तिथं ऑर्गनसुद्धा ऐकू देत नाहीत.