सातभाई तर रोज दिसतात, त्यांच्यावर अभ्यास करण्यासारखं अजून काही उरलंय का?

भरपूर उरलंय. आणि "सातभाईत काय बघायचं" म्हणणाऱ्यांमुळेच उरलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधी गोष्ट घ्या, नर कुठला मादी कुठली हे नुसतं बघून कळत नाही. त्यामुळे पिल्लांना भरवणारे आईबाप आहेत, मागच्या विणीची भावंडं आहेत की दुसऱ्या थव्यातून आलेले उपरे, हे पायात रंगीत कड्या घालून आणि रक्त तपासूनच सांगता येतं. अँथनी गॅस्टन यांनी 1970 च्या दशकात दिल्लीत थव्यांवर काम केलं, अलीकडे मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेत त्यांच्या आवाजांवर झालं. पण सह्याद्रीच्या पावसात आणि दख्खनच्या कोरड्या माळावर हे पक्षी तसेच वागतात का, हे दिल्लीत बसून कसं कळणार?

आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक सीनियर आहेत. एका पावसाळ्यात पावशाचं पिल्लू (पावशाची मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते) सातभाईंच्या थव्यात सारखं ओरडत फिरत होतं आणि तिघंचौघं आळीपाळीने त्याला अळ्या आणून भरवत होते, त्यातल्या एकाचे डोळे चक्क गडद, म्हणजे तो स्वतःच अजून लहान (मोठे झाले की डोळे फिके पांढरट होतात). मी ते लिहून घेत होते तर सर म्हणाले, "आई भरवतेय, त्यात काय, ईबर्डवर एक्स टाक आणि चल पुढे." (ईबर्ड म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट, आणि एक्स म्हणजे न मोजता नुसतं 'दिसला' एवढीच नोंद.) मी म्हटलं सर, आई एकच असते, इथे चौघं आहेत! तर म्हणे असल्या फालतू नोंदींनी यादी भरते. मला अजूनही त्याचा राग येतो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे ना, मदतनीस जास्त असले की परक्या पिल्लाचा भार वाटला जातो, की मोठ्या गोंगाटी थव्याचं घरटं पावशाला आणखी सोपं सापडतं?

त्यामुळे एक्स टाकू नका, मोजून आकडा टाका, डोळ्यांचा रंग लिहा, कोण कुणाला भरवतंय ते लिहा. हां, घरट्याजवळ जाऊ नका आणि कड्या स्वतः घालायच्या भानगडीत तर पडूच नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे पक्षी पकडायला परवानगी लागते. आणि कुणी सीनियर म्हणाला यात नवीन काय, तर त्याला सांगा, या थव्यातली अंडी घालणारी मादी दाखवा.